सटवाईपुढचा कागद

आमच्या घरात वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले, थोरला भाऊ एकेचाळिसाव्या. दोघेही हृदयाच्या झटक्यानं. मला चाळिसावं लागलं आणि त्याच साली मुलगी झाली. लोक पेढे खात होते आणि मी वर्षं मोजत होतो.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे लागून मीच नाळेतलं रक्त तपासायला लावलं. बायको-लेक घरी आल्या आणि जन्मापासून चौथ्या दिवशी मी रिपोर्ट आणायला गेलो. रक्तात चरबी जास्त निघाली. डॉक्टर म्हणाले, गोऱ्या लोकांच्या बाळांपेक्षा आपली बाळं वजनाला हलकी, पण अंगात चरबी त्या मानानं अधिक. हृदयाचं दुखणंही आपल्याला लवकर गाठतं. "पण एका कागदावरून तिचं काही ठरत नाही. आधी तुम्ही रक्त द्या."

मी मान डोलावली आणि ताडकळसची बस धरली. जन्मतःच कोंडून घातलंय आपल्याला, बापाला, भावाला, मला आणि आता हिला, असं वाटत राहिलं. बायकोला काही बोललो नाही. सांगणार काय, कपाळ?

पाचवीला दिवेलागणीच्या वेळी आईनं सटवाई मांडली. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. आत येऊन बघतो तर पाटावर मी आणलेला लेकीचा रिपोर्ट, कोरी पाठ वर. आईला वाचता येत नाही. माझ्या पिशवीत गुळगुळीत कागद दिसला, तिनं घेतला. मी हात पुढे केला.

"हात लावू नको. मांडलेला कागद सकाळपातूर हलवायचा न्हाई."

मी नुसता चडफडत बसलो. लिहून झालेला कागद देवीपुढे, आणि मी हात जोडून शेजारी.

सकाळी आईनं तो बाळाच्या उशाखाली ठेवायला बायकोकडे दिला. बायको बारावी शिकलेली. तिनं कागद उलटला आणि शेवटपर्यंत वाचला. आता रडेल, असं मला वाटलं.

"पाच दिवसाच्या लेकराचं रक्त तपासून आनलं तुमी," ती म्हणाली. "तुमचं कधी तपासलं?"

"तपासायचंय."

"भेता तुमी."

भीत होतोच. भाऊ गेल्यापासून स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो. आईनं चहा आणून ठेवला. बायकोनं कप उचलून बाजूला केला.

"रक्त द्यायला उपाशी जावं लागतंय. निघा."

चप्पल घातली. आत लेक रडत होती. मला त्रेचाळिसावं वर्ष बघायचं होतं.