बिनतेलाचा आलूबोंडा

आमच्या सिहोऱ्याच्या घरात तेव्हा दोनच माणसं उरली होती, मी आणि माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची. नवरा तापाने गेला होता, मूलबाळ नव्हतं. सुनेने सासऱ्यासमोर बसायचं नाही, सरळ बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. घर भरलेलं असताना ती अडली नाही. निरोप द्यायला कोणी ना कोणी असायचं. आता मी दाराआडून म्हणायची, "जेवण वाढलं म्हणावं." म्हणायला मधे कोणीच नव्हतं. मामाजी खोकायचे आणि ताटावर येऊन बसायचे.

बाजाराच्या दिवशी मात्र ते खुशीत असायचे. चौकातल्या हॉटेलात आलूबोंडा-रस्सा खायचे, वर लाल तर्री मागून घ्यायचे. येताना एक बोंडा कागदात बांधून आणायचे आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवून द्यायचे. तो माझा. त्यावरही बोलणं नाही.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. तुमसरच्या डॉक्टरांनी तळलेलं पूर्ण बंद केलं, मीठ कमी करायला सांगितलं. मामाजींनी बाजारात जाणंच सोडलं. मग जेवणही अर्ध्यावर आलं. डोळे खोल गेले. हे गेले तर या घरात मी एकटी, एवढं मला कळत होतं. म्हटलं, बोंडाच घरी करू.

शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पिकलेली बरबटी, म्हणजे चवळी, घरात होती. तिची डाळ भिजवून पाट्यावर जाडसर वाटली. उकडलेल्या आलूत आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली, गोळे डाळीत घोळवले. पातेल्यात पाणी ठेवून तोंडावर फडकं बांधलं, त्यावर गोळे, वर झाकण. पहिल्या खेपेला फडकं ढिलं राहिलं आणि सगळे बोंडे पाण्यात गेले. ते आम्ही दोघांनी दोन दिवस भाजी म्हणून खाल्ले. दुसऱ्या खेपेला जमले.

शेजारची काकी डोकावली. "काय वो बाई, बोंडे करून राहिली का मोदक?"

"बोंडे."

"याइनं जन्मात तेल पाह्यलं नाही वाट्टे." पण एक उचलून खाल्ला. "खाले बरा हाय. दिसाले बिमार हाय."

मामाजींनी अर्धा खाल्ला आणि ताटली सरकवली. पुढच्या बाजाराला मी रश्श्यात भाजलेलं खोबरं वाटून घातलं, चमचाभर तेलात तिखट परतून वर सोडलं. तर्री दिसण्यापुरती आली. तरी अर्धाच. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. माझं डोकं फिरलं आणि दाराआडूनच पण सरळ विचारलं, "खाऊन काहून नाही राहिले तुमी?"

मामाजींनी ताटली पुन्हा जवळ ओढली.

"बोंडा बरा हाय," मग ते म्हणाले. "पर तिकडं बाकावर समोर कोणी तरी रायते. इथं भिताडाकडं पाहून खा लागते. घास नाही उतरत." दाराकडे वळून म्हणाले, "तुई ताटली घेऊन ये."

अंगणाचं दार उघडं होतं. काकीला सगळं दिसलं असतं. मी ताटली आणली, उंबऱ्याच्या आत तिरपी बसले, पदर पुढे ओढला. त्यांनी उरलेला अर्धा उचलला.

"मीठ कमी हाय."

"डॉक्टरनं सांगितलं हाय."

"त्याले चारून पाह्य एकदा हा बोंडा."

मला हसू आलं. काकीने दुसऱ्या दिवशी विहिरीवर जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी बादली भरून घरी आले. पुढच्या बाजाराला दोन ताटल्या काढल्या. मामाजी त्यानंतर काही वर्षं जगले. आमचं बोलणं फार वाढलं नाही. मीठ, पाऊस, धानाची रोवणी. पण बोंडा पूर्ण जायचा.

आता मी भंडाऱ्याला एकटी राहते. घरात गॅस आला आहे, बोंडे पाण्यात जात नाहीत, फडकं घट्ट बांधायची सवय झाली आहे. एकच करायचा म्हटलं तरी पातेलं तेवढंच तापवावं लागतं, म्हणून दोन करते. त्यातला एकही पुरता संपत नाही.