पाठ चालू असताना घेतलेले नाव

२०१७ च्या नोव्हेंबरात, एका सोमवारी सकाळी, तलासरी तालुक्यातल्या एका पेन कारखान्यात प्रशिक्षणाचा पाठ चालू असताना एक कामगार बाई उभी राहिली आणि सगळ्या पाळीसमोर तिने आपल्या सुपरवायझरचे नाव घेतले. शनिवारी संध्याकाळी गेटवर त्याने आपल्याला पदर खांद्यावरून काढून झटकायला लावला, असे ती म्हणाली. जेवणाच्या सुट्टीआधी तिला नोटीस मिळाली. नोटिशीत पदराचा उल्लेख नव्हता. सगळ्यांसमोर नाव घेतले, हा तिच्यावरचा आरोप होता.

पाठ मी वाचत होतो.

त्याआधी मी डहाणूला एका दैनिकाच्या कार्यालयात बातम्या लिहीत असे. ते कार्यालय बंद झाले आणि कारखान्याने मला प्रशिक्षण सहायक म्हणून घेतले. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून इंग्रजीत येणारे पाठ मराठीत उतरवायचे आणि दर सोमवारी पहिल्या पाळीआधी पॅकिंगच्या हॉलमध्ये ते वाचायचे, हे काम. परदेशी गिऱ्हाइकाची तशी अट होती. पाठ पंधरा मिनिटांचा असे. आदर, भेदभाव, भेटवस्तू, गुप्तता, असे विषय होते. सुपरवायझर बहुतेक सीमेपलीकडून येत आणि घरी गुजराती बोलत. बायका वेवजीच्या आसपासच्या पाड्यांवरून ठेकेदाराच्या टेम्पोने येत आणि घरी वारली बोलत. दोघांना समजणारी भाषा मराठीच होती.

रिफिलच्या टोकाला जी पितळी टिप बसते ती फार बारीक असते. मूठभर टिपा लपवायला लुगड्याची एक गाठ पुरते. म्हणून पाळी सुटताना झडती असे. बायकांची झडती बाई गार्डने पडद्याआड घ्यायची, असा नियम होता. त्या शनिवारी बाई गार्ड रजेवर होती.

सोमवारचा पाठ आदराचा होता. मुख्य कार्यालयाच्या मजकुरात प्रश्नांनंतर ‘थांबा’ असे लिहिलेले असे. वाचणाऱ्याने तिथे थोडा श्वास घ्यायचा आणि पुढे जायचे. उत्तर अपेक्षित नसे, आणि मी रुजू झाल्यापासून कोणी दिलेही नव्हते. मी वाचले, “कामाच्या ठिकाणी तुम्हाला कमी लेखणारे वर्तन तुमच्या वाट्याला आले आहे का?” आणि थांबलो.

तिसऱ्या रांगेतून ती उठली. वय तिशीच्या आत. अंगात ॲप्रन, केसांवर जाळी.

“आलंय,” ती म्हणाली. मग तिने सुपरवायझरचे नाव घेतले आणि तो मशीनजवळ उभा होता तिकडे हनुवटी केली. “शनिवारी ह्यानं गेटवर माझा पदर काढायला लावला. झटक म्हणाला. टेम्पोवाले होते तिथं. हसले.”

“काय पण बोलते ही,” सुपरवायझर म्हणाला.

“तू सांग मग काय झालं ते.”

व्यवस्थापक दाराशी उभे होते. ते मला म्हणाले, “पाठ पुढे चालू द्या.”

ती उभीच होती. मी पुढचे वाक्य वाचले. “आदर हा प्रत्येक सहकाऱ्याचा हक्क आहे.” पाठ संपेपर्यंत ती बसली नाही.

नोटिशीत म्हटले होते की तक्रारीतले नाव चारचौघांत घ्यायचे नाही, या गुप्ततेच्या नियमाचा तिने भंग केला, सहकाऱ्याची जाहीर बदनामी केली, आणि निर्णय होईपर्यंत तिने कामावर येऊ नये. ठेकेदाराला निरोप गेला. मंगळवारपासून टेम्पो तिच्या पाड्यावर तिच्यासाठी थांबला नाही.

मंगळवारी व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावले.

“गुप्ततेचा पाठ तुम्ही वाचलेला आहे ना?”

“नाही. तो पुढच्या सोमवारचा आहे.”

“मागच्या वर्षी वाचला असेल.”

“मागच्या वर्षी ती इथे नव्हती.”

“तुम्ही फार बातमीदारासारखं बोलता,” ते म्हणाले. “महिनाअखेरीला गिऱ्हाइकाचे लोक येणार आहेत. नियम सर्वांना समजावून दिलेले आहेत, एवढंच मला तुमच्याकडून लेखी पाहिजे. कोणाला, कधी, ते लिहायची गरज नाही.”

मी लिहून दिले की त्या पाळीला गुप्ततेचा पाठ अजून वाचून दाखवलेला नाही. त्यांनी तो कागद वाचला, उपडा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बरं. समिती बसवू.”

कायद्याने कारखान्यात अंतर्गत तक्रार समिती होती, पण ती तोवर कधी बसलेली नव्हती. अध्यक्ष हिशेब विभागाच्या प्रमुख मॅडम होत्या. बाहेरच्या सदस्य डहाणूच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. गुरुवार ठरला. जबाब लिहून घ्यायला मला बसवायचे ठरले, कारण पाड्यावरच्या बायकांचे बोलणे मॅडमना पुरते समजत नसे.

बुधवारी चहाच्या वेळी, नोटीस मिळालेल्या बाईच्या टेबलावर काम करणारी एक वयस्क बाई माझ्याजवळ आली. ती तिच्याच पाड्यावरची होती.

“सायब, तिचं कधी ठरणार?”

“उद्या समिती आहे. नंतर मुंबईहून उत्तर येईल.”

“रविवारच्या आत येईल ना?”

रविवार का, असे मी विचारले. तिने सांगितले ते असे. वीटभट्टीचा ट्रक रविवारी पहाटे पाड्यावर येणार होता. भात झोडून झाले की पाड्यावरची निम्मी घरे भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिच्या नवऱ्याचे जायचे ठरलेले होते. ही कारखान्यात होती म्हणून मुलीला घेऊन मागे राहणार होती. मुलगी चौथीत होती. काम गेले तर दोघींनाही ट्रकमध्ये बसावे लागणार होते, आणि भट्टीवर शाळा नव्हती.

“तिनं ऑफिसात येऊन हळूच सांगितलं असतं तर?” मी विचारले.

“तुमीच विचारलंत ना.”

“मी पाठ वाचत होतो.”

“ते आमाला काय माहीत. सगळे बसले असताना विचारलं. आमच्या पाड्यावर असं सगळ्यांत विचारलं आणि ज्याचं दुखतंय तो गप बसला, तर ते मिटलं. मग पुन्हा तोंड नाय उघडायचं. आणि त्याच्या पाठी जाऊन सांगितलं तर ती चुगली.” तिने चहाचा कप विसळून पालथा घातला. “उत्तर नको व्हतं तर विचारायचं कशाला, सायब? त्यापेक्षा आमी गाणं तरी म्हटलं असतं.”

मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या. भोंगा झाला आणि त्या आत गेल्या.

गुरुवारी ती पाड्यावरून हायवेपर्यंत चालत आणि पुढे शेअर रिक्षाने आली. समिती पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसली. नियमाप्रमाणे दोघांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे होते. सुपरवायझरला आधी बोलावले. त्याने लिहून आणलेला जबाब वाचला: शनिवारी पाळी सुटताना आपण गेटवर नव्हतो, आत मोल्डिंग विभागात होतो, बाई गार्ड नसल्यामुळे त्या दिवशी बायकांची झडती झालीच नाही. गेटवरचा पुरुष गार्ड म्हणाला की त्याचे लक्ष गाड्यांकडे होते. टेम्पोवाले बाहेरचे, त्यांपैकी कोणी आले नाही. तिच्या टेबलावरच्या बायका त्या वेळी तिच्यापुढे निघून टेम्पोत बसलेल्या होत्या.

मग ती आली. खुर्चीवर बसली. खोलीत नजर फिरवून म्हणाली, “तो कुठं हाय?”

“त्याचा जबाब झाला,” मॅडम म्हणाल्या. “आता तुझा.”

“त्याला बोलवा.”

“तो समोर नसतो. तसा नियम आहे.”

“मग मी काय बोलू? भिंतीला सांगू?”

शिक्षिकेने खुर्ची पुढे ओढली. “बाई, हा नियम तुझ्यासाठीच केलेला आहे. तो समोर असला तर तुला दडपण येईल, म्हणून.”

“मला नाय येत.”

“तू बोललीच नाहीस तर आम्हाला काही लिहिता येणार नाही. तक्रार राहणार नाही. नोटीस मात्र राहील. समजतंय का?”

“समजतंय. तो नसताना मी त्याचं नाव नाय घेणार. आमच्यात नाय घेत.”

मॅडमनी घड्याळ पाहिले. व्यवस्थापकांनी दार किलकिले करून विचारले, “झालं?” ती बोलत नाही, असे मॅडमनी सांगितले. ते म्हणाले, “बोलत नसेल तर तसंच लिहा. संधी दिली होती, असं लिहा,” आणि दार लावून घेतले.

ती मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता. पंखा चालू होता.

शिक्षिका म्हणाल्या, “तो समोर पाहिजे, हे तू स्वतःच्या मर्जीनं मागतेस, असं लिहून घेऊ? सही करशील?”

“लिवा.”

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “हे नियमात बसत नाही.”

“तिच्या लेखी मागणीवरून बोलावलं, असं लिहा. जबाबदारी माझी,” शिक्षिका म्हणाल्या.

मी लिहिले. तिने सही केली. सुपरवायझरला बोलावले. तो तिच्यासमोर बसला, मग खुर्ची थोडी मॅडमकडे वळवली.

ती सरळ त्याच्याशी बोलली. “शनिवारी पाळी सुटली तवा तू गेटवर व्हतास.”

“मॅडम, मी लिहून दिलंय. मी मोल्डिंगला होतो.”

“स्टुलावर बसला व्हतास. पायावर पाय टाकून. हातात चहा.”

“काय पण सांगते.”

“मी आली तर बोललास, पदर काढ. मी बोलली, बाई गार्डला बोलव. तू बोललास, ती नाय, मीच हाय, झटक. बसल्या जागेवरनं बोललास.” तिचा आवाज चढला नव्हता. “कुत्रं हाकलायला पण माणूस उठतो. तू उठला पण नायस.”

“उठलो होतो,” तो म्हणाला.

तो आता तिच्याकडे वळला.

“खोटं नको बोलू. कप खाली ठेवला, उठलो, आणि मग बोललो. बसून नव्हतो मी.”

मॅडमनी पेन खाली ठेवले. शिक्षिका मला म्हणाल्या, “शेवटचं वाक्य वाचा.” मी वाचले. त्यांनी त्याला विचारले, “हे बरोबर आहे?”

त्याने दाराकडे पाहिले. “टिपा जातात, मॅडम. रोज जातात. वरून मला विचारतात. बाई गार्ड नव्हती, मी काय करणार होतो?” मग म्हणाला, “ते आधीचं खोडा.”

“खोडता येणार नाही,” शिक्षिका म्हणाल्या.

त्याला बाहेर पाठवल्यावर मॅडमनी नोटिशीकडे वळून तिला विचारले, “नाव सगळ्यांसमोर घ्यायचं नाही, हा नियम तुला माहीत होता?”

“नाय.”

“माहीत असता तर ऑफिसात येऊन सांगितलं असतंस?”

माझा मंगळवारचा कागद त्यांच्यासमोर होता. नियम तिला माहीत नव्हता, एवढ्यावर नोटीस मागे घेता येत होती. शिक्षिका तिच्याकडे पाहत होत्या.

“नाय,” ती म्हणाली. “तरी तितंच उठली असती.”

“नीट विचार करून सांग.”

“केला.”

मॅडमनी मला विचारले, “हे लिहायचंच का?”

“बोलली ते लिहा,” शिक्षिका म्हणाल्या.

मी लिहिले. तिने वाचून घेतले आणि सही केली. जाताना तिने जिन्यात मला विचारले, “कधी कळेल?” मी म्हणालो, माहीत नाही.

समितीचा अहवाल शुक्रवारी सकाळी मुंबईला गेला. झडतीचा प्रकार घडला, असे त्यात होते. सुपरवायझरला उत्पादनाच्या लाइनवरून हलवावे, अशी शिफारस होती. नोटिशीबाबत दोघींचे एकमत झाले नाही. मॅडमचे मत होते की तिने स्वतःच, नियम माहीत असता तरी मोडला असता, असे सांगितले आहे. शिक्षिकेचे मत होते की तिला नियम सांगितलेला नव्हता आणि माहीत असता तर तिने काय केले असते, यावर नोटीस देता येत नाही. दोन्ही मते लिहून पाठवली.

शुक्रवारी उत्तर आले नाही. शनिवारी दुपारपर्यंत आले नाही. जेवणाच्या सुट्टीत वयस्क बाई ऑफिसच्या काचेपाशी येऊन उभी राहिली. मी आतून नाही अशी मान हलवली. ती गेली. तिसऱ्या प्रहरी तिने पुन्हा येऊन सांगितले की आपण सकाळी निघालो तेव्हाच त्या मायलेकींची भांडी बांधून झाली होती.

पाळी सुटण्याच्या सुमारास मुंबईहून मेल आली. सुपरवायझरची बदली स्टोअरमध्ये करण्यात आली होती. बाई गार्ड नसेल त्या दिवशी बायकांची झडती घेऊ नये, असा आदेश होता. नोटीस मागे घेण्यात आली होती. कारण दिलेले नव्हते. व्यवस्थापकांनी पत्राची प्रत काढली, सही-शिक्का केला आणि माझ्या हातात दिली. बायका टेम्पोत चढत होत्या. मी पत्र वयस्क बाईला दिले आणि त्यात काय आहे ते तोंडी सांगितले. ठेकेदाराच्या माणसाला सोमवारी पाड्यावर थांबायला सांगितले. तो म्हणाला, मला ठेकेदाराचा फोन येऊ दे. फोन आला की नाही, ते त्या संध्याकाळी कळले नाही.

वीटभट्टीचा ट्रक रविवारी पहाटे पाड्यावर आला आणि गेला. तिचा नवरा त्यात होता.

सोमवारी पहिल्या पाळीच्या टेम्पोतून ती उतरली. तिने कार्ड लावले, ॲप्रन घातला आणि टिपा बसवण्याच्या टेबलावर आपल्या जागी बसली. मुलगी त्या दिवशी शाळेत गेली होती.