बाबांनी मोडलेला शब्द आणि नंतर केलेली सही

माझ्या वडिलांनी दिलेला शब्द मोडला, आणि त्यामुळे माझे सख्खे काका निवडून आले.

आज बाबांची पुण्यतिथी. पन्नासहून जास्त वर्षं झाली. घरातल्या या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. आता मीच ब्याऐंशीची आहे, म्हणून लिहून टाकते. टायपिंगच्या चुका समजून घ्या.

बाबा पांढरकवड्यात पक्षाचे तालुका अध्यक्ष होते. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, त्यांनी पद सोडलं.

पद गेलं, पण माणसं येत राहिली.

तेव्हा तिकिटासाठी आधी पक्षातच मतदान व्हायचं. सगळे सभासद कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या हॉलमध्ये जमायचे, चिठ्ठ्या टाकायचे. त्याआधी माजी अध्यक्ष उभे राहून एक नाव घ्यायचे. बाबांनी घेतलेलं नावच डब्यातून निघायचं. नेहमी.

त्यामुळे इलेक्शन जवळ आलं की आमच्या ओट्यावर चपलांचा ढीग. आई दिवसभर चहा टाकायची.

जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक लागली, तेव्हा हबीबभाई आले. हायवेवर त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. पक्षाची जीप कित्येक वर्षं त्यांनीच चालवली, त्यांनीच दुरुस्त केली. जंगलातल्या कोलामांच्या वस्त्या, म्हणजे पोड, त्यांच्याइतके कुणालाच माहीत नव्हते.

ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले,

"दादासाहेब, मले मेंबर व्हायचं हाय. पोडावर बाया नाल्याचं पानी पिऊन राह्यल्या. विहीर पाहिजे. दुसरं काही नाही."

बाबा म्हणाले, "तुमचं नाव मी घेतो. शब्द देला."

मी तिथेच होते. एकोणीस वर्षांची. मी ऐकलं.

मग सभेच्या आदल्या दिवशी काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. तिकीट त्यांनाही हवं होतं. आजोबा लवकर गेले, त्यामुळे बाबांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं.

काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, सख्ख्या भावानं नाव नाही घेतलं, त लोकं मले काय म्हनतीन?"

बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्यांनी काकांचं नाव घेतलं.

का? "हबीबभाई निवडून आले नसते," असं लोक नंतर म्हणायचे. बाबांनी स्वतः हे कारण कधी दिलं नाही.

सभेनंतरच्या सकाळी हबीबभाई पक्षाच्या जीपची चावी द्यायला घरी आले.

"गाडी ठीक हाय. ब्रेक नवे टाकले."

आईने चहाला थांबा म्हटलं. थांबले नाहीत.

काका जिंकले. वाईट मेंबर नव्हते, फार चांगलेही नव्हते. बाबा विहिरीसाठी त्यांना पत्रं लिहायचे. एका गावात दोन भाऊ, आणि पत्रं!

विहीर झाली नाही.

पुढची निवडणूक आली. तिकीट परत काकांनाच. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. एक दिवस बाबा म्हणाले, "चाल, हबीबच्या गॅरेजवर जाऊन येऊ."

पाच वर्षांत पहिल्यांदा.

हबीबभाई ट्रकखाली होते. बाहेर आले, हात पुसले. बाबा म्हणाले, "या टायमाले मी लोकायले तुमचं नाव सांगतो."

हबीबभाई शांतपणे म्हणाले, "शब्द राहू द्या, दादासाहेब. मी अपक्ष उभा राहून राह्यलो. फॉर्मवर सूचक पाहिजे. तुमच्या भावाच्या विरोधात सही कराले कोनी तयार नाही. तुमी करता?"

तिथेच, बोनेटवर फॉर्म ठेवून, बाबांनी सही केली.

ज्या पक्षाचे ते अध्यक्ष होते, त्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध.

संध्याकाळी काका घरी आले. "दादा, माह्या विरोधात? काहून?"

"तुह्या विरोधात नाही रे. पाच वर्षांआधी त्याचं जे तुले देलं, ते वापस करून राह्यलो."

"अन् मी? मी कोन हाय तुमचा?"

काकांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

पक्षातून काढल्याचं पत्र आलं. ऑफिसातला बाबांचा फोटो उतरवला गेला.

आणि निकाल? काका परत जिंकले. हबीबभाई हरले, चांगलेच हरले. माजी अध्यक्षांच्या सहीने शंभर मतंही फिरली नसतील.

त्यानंतर आमच्या ओट्यावर कुणी आलं नाही. आई म्हणाली, "बरं झालं. चहा तरी वाचला."

दोन वर्षांनी बाबा गेले. त्यांना मुलगा नव्हता. अग्नी काकांनी दिला, आणि देताना लहान मुलासारखे रडले. हबीबभाई घाटावर शेवटपर्यंत उभे होते.

पोडावर विहीर झाली, खूप उशिरा. कुणाच्या काळात झाली, आता कुणाला आठवत नाही.

हबीबभाई म्हातारे झाले तेव्हा मी एकदा त्यांना विचारलं होतं, "बाबांचा राग नव्हता आला?"

"आलता ना, बेटा. लय आलता. चार-पाच वर्षं तुमच्या गल्लीतून गेलो नाही."

मग म्हणाले,

"पन त्यायनं सही कराले पेन काढला. मी म्हनलं, राहू द्या दादासाहेब, सख्खा भाऊ हाय तुमचा. त नाही म्हने. अन् नाव पुरं लिवलं. बापाच्या नावासगट."

बाबा, तुमच्या लेकीचा नमस्कार.