आजीच्या नावासाठी: आसेगाव ते अनसिंग

जानेवारीत मी हम्पीला जाणार होते. रजा मंजूर झाली होती, मुक्काम ठरला होता, दगडी रथासमोर कोणत्या साडीत फोटो काढायचा हेही पक्कं होतं. एका सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "हम्पीऐवजी मला वाशिमला नेशील का?" मी हसलेच. सुट्टीत वाशिमला कोण जातं? तर ते बशीत चहा ओतत म्हणाले, "मला माझ्या आईचं नाव माहीत नाही गं. आता कळलं तर बरं होईल."

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते तीन महिन्यांचे असताना त्यांची आई गेली. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे गणपतआजोबांनी, बाळ नाशिकला राहणाऱ्या आपल्या बहिणीच्या ओटीत घातलं, आणि चार-पाच वर्षांत आजोबाही गेले. या आत्यालाच बाबा आई म्हणत. तिने त्यांच्यावर इतकी माया केली की जन्म देणाऱ्या आईचा विषय घरात निघायचाच नाही. विचारलं तर हिला वाईट वाटेल, म्हणून बाबा गप्प राहिले. पुढे आत्या गेली आणि विचारायलाच कोणी उरलं नाही. मला आपलं वाटायचं, त्यांना नाव ठाऊक असेल, बोलत नसतील. शेचाळीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या सकाळी मला स्वतःची चांगलीच लाज वाटली आणि मी हम्पी रद्द केली.

हातात काय होतं? गावाचं नाव आसेगाव, तालुका मंगरुळपीर. आजोबांचं नाव गणपत, पणजोबांचं सखाराम. बास. कोणाला असा शोध घ्यायचा असेल तर सांगते, एवढंही सुरुवातीला पुरतं.

नाशिकहून सकाळी सहाला निघालो. सिन्नरच्या पुढे समृद्धी महामार्गाला लागलं की मालेगावपर्यंत रस्ता सरळ पळतो. हे मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, आपलं नाशिककडचं नव्हे. बाबांनी हे मला तीनदा बजावलं, जणू मी गाडी उलटी वळवणार होते. टोल सहाशेच्या पुढे जातो. वाटेत खाण्याची सोय विरळ आहे, म्हणून डबा न्याच. रस्ता इतका एकसुरी की झोप येते. त्यावर बाबांनी तोडगा काढला होता, ते प्रत्येक गावाच्या पाटीवरून मला तिथला पिनकोड सांगत होते. पोस्टात नोकरी केलेला माणूस शेजारी असला की रेडिओ लागत नाही.

दुपारी मालेगावात महामार्ग सोडला आणि एका साध्या खाणावळीत रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्ली. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा जाड गोळा. तो फोडून त्यावर तूप ओततात, आणि हात आखडत नाहीत. भाजी एवढी तिखट की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाबा मात्र शांतपणे दुसरा रोडगा फोडत होते. जन्मभर नाशिकचं सपक खाल्लेला हा माणूस तिखटाला कसा डरत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. दोघांचं जेवण अडीचशेत झालं. संध्याकाळी वाशिमला बसस्थानकाजवळच्या लॉजवर उतरलो. खोली हजार रुपये, चादरी स्वच्छ, गरम पाणी बादलीने आणि फक्त सकाळी साडेसातपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मंगरुळपीरला तालुक्याची कचेरी. इकडे जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या वहीत सापडतात तिला कोतवाल बुक म्हणतात. गावचा कोतवाल कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगायचा आणि ते लिहून ठेवलं जायचं. साधा अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स आणि अंदाजे साल एवढं लागतं. सोमवार टाळा, गर्दी असते. आमच्यापुढे रांगेत जितके होते ते सगळे जातीच्या दाखल्यासाठी आले होते, त्यामुळे खिडकीपलीकडच्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "नातवाचं की नातीचं?" बाबा म्हणाले, "माझंच." अर्जात 'नक्कल कशासाठी पाहिजे' असा रकाना होता. बाबांनी त्यांच्या सुवाच्य पोस्टी अक्षरात लिहिलं, 'आईचे नाव समजण्यासाठी'. बाबूंनी ते वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं आणि आम्हाला आत बसायला बोलावलं.

वह्या कापडात बांधलेल्या होत्या. बाबू हलक्या हाताने एकेक पान उलटत होते. आधी बाबांचा जन्म सापडला: 'मुलगा, बाप गणपत वल्द सखाराम'. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. आईचा रकानाच नव्हता. पण तारीख दिवाळीच्या आसपासची निघाली! शाळेत मास्तरांनी सगळ्यांसारखी बाबांचीही एक जून लावून टाकली होती. बाबांनी बोटांवर हिशेब केला आणि जाहीर केलं की पोस्टाने त्यांना पाच महिने आधीच घरी बसवलं. आतले चारही कर्मचारी हसले. एकाने तर अर्ज करा म्हणून सुचवलंही.

मग मृत्यूची नोंद सापडली. बाबूंचं बोट एका ओळीवर थांबलं. 'गणपत वल्द सखाराम याची औरत. वय अंदाजे वीस. ताप.' एवढंच होतं. बाबा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले, जणू अक्षरांच्या मागे आणखी काही असेल. मी वरखाली पाहिलं. पानभर बाया होत्या, कोणाची औरत, कोणाची लेक, कोणाची माय, आणि एकीलाही नाव नव्हतं. मला संताप आला, आणि तो तिथे काढायला कोणीच नव्हतं. बाबू म्हणाले, "गावात जाऊन पाहा साहेब. वहीत नसलं तरी कोनाच्या ध्यानात असंन."

आसेगावला पणजोबांचं नाव विचारत फिरलो तेव्हा बाबांचे दूरचे चुलतभाऊ सापडले, नामदेवकाका. बाबांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. आमचं स्वागत झालं, चहा झाला, पण घर काही मोकळं होईना. काकांचा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा, सुना आतून कान लावून. आम्ही कचेरीतून कागद काढून आल्याचं बाबांनी सांगितलं तेव्हा तर चहाचे कपही वाजायचे थांबले. मला काही कळेना. शेवटी काकांनीच घसा खाकरला.

"वावराच्या हिश्श्याचं काई असंन तं आधीच सांगून टाका. मंग बोलू."

बाबांना हसू आवरेना. "दादा, वावर तुमचंच. माझी आई कुठे पुरली तेवढं दाखवा, आणि तिचं नाव सांगा."

घराने असा श्वास सोडला की मलाही ऐकू आला. पाच मिनिटांत पाट मांडले गेले, ओल्या तुरीच्या दाण्यांची झणझणीत आमटी, भाकरी आणि ठेचा समोर आला, आणि जे घर मघाशी आम्हाला पाण्यात पाहत होतं तेच आता आम्हाला आग्रह करकरून बेजार करत होतं. नाव मात्र काकांना येत नव्हतं. सुनेचं नाव कोण घेतं, म्हणाले. तिला सगळे अनसिंगवालीच म्हणत. अनसिंगची म्हणून अनसिंगवाली. काकांच्या आईलाही गाव तिच्या माहेराच्याच नावाने हाक मारायचं.

आमच्या घराण्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला आमची जागा आहे, पंधरा-वीस दगडी ओटे, काहींवर पिंडी, बरेचसे मातीत अर्धे बुडालेले. मी मनाची तयारी करून गेले होते की तिथे काटेरी झुडपं असतील आणि कोणीतरी हवेत हात करून 'असंन इथंच कुठंतरी' म्हणेल. पण काका सरळ एका बुटक्या ओट्यापाशी गेले. त्यावर काजळीचा डाग होता. मी विचारलं तर सांगू लागले की दर दिवाळीला घरच्या बाया इथे प्रत्येक ओट्यावर पणती ठेवतात, अनसिंगवालीच्याही. त्यांच्या आईने सुरू केलं, मग बायकोने, आता सुना ठेवतात. ज्यांना हिचं नाव ठाऊक नव्हतं त्या बायकांनी तिचा दिवा कधी चुकवला नाही. बाबा ओट्याशेजारी मांडी घालून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मीही गडबड केली नाही.

तिसरा दिवस अनसिंगचा. वाशिमहून सकाळी निघालात तर नाश्त्याआधी पोचता, आणि तसंच करा, कारण तिथली गरम कचोरी नऊनंतर मिळेल याची खात्री नाही. गाव मोठं आहे. पाऊणशे वर्षांपूर्वी आसेगावला दिलेली मुलगी कशी शोधायची? मी कचोरीवाल्यालाच विचारलं. त्याने शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं, दुकानदाराने रस्त्यापलीकडे मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या बायांना विचारलं, आणि पुढच्या अर्ध्या तासात आमची चौकशी आमच्या हातात राहिली नाही. दोन घरांची नावं निघाली, ती खोटी ठरली. एका आजोबांनी आपलीच बहीण आसेगावला दिल्याचं छातीठोक सांगितलं. त्यांच्या बायकोने आतून ओरडून ते मंगरुळपीर असल्याचं सांगितलं. शेवटी मेथीवाल्या बायांपैकी एक म्हणाली, वेणूआजीला विचारा, तिच्याएवढं म्हातारं गावात कोणी उरलं नाही.

वेणूआजींचं घर गावाच्या टोकाला त्यांच्या मळ्यातच आहे. वांगी, मिरची, कोथिंबीर. सगळं वाशिमच्या बाजाराला जातं. नव्वदी ओलांडलेली ही बाई उन्हात बाजेवर बसून लसूण सोलत होती. नातसुनेने मोठ्या आवाजात आमचं काम सांगितलं: आसेगावच्या गणपतला दिलेली, बाळ तीन महिन्यांचं असताना गेली. आजींनी लसूण खाली ठेवला. मग डावी बाही वर सरकवली आणि हात बाबांपुढे धरला.

हातावर गोंदण होतं. कातडी सुरकुतली होती, हिरवी शाई फाकली होती, पण तीन अक्षरं सुटी सुटी दिसत होती. बाबांनी चष्मा पुसला. मी वाचलं होतं, पण तोंड उघडलं नाही. ते त्यांनीच वाचायचं होतं.

"कौतिका," बाबा म्हणाले.

"हाव," आजी म्हणाल्या. "मले वाचता येत नाई. पन ते तिचंच हाय. जत्रंत गोंदून घेतलं आमी दोघीनं. माह्या हातावर तिचं नाव, तिच्या हातावर माहं. घरी गेलो तं दोघींलेबी मार बसला."

मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते मी थांबवू शकले नसते आणि थांबवलंही नसतं. कौती चिंचेवर चढायची. कौती दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायची, आणि बाप आला की वेणूकडे बोट दाखवायची. कौती भाकरीबरोबर हिरव्या मिरच्या नुसत्या चावून खायची. यावर मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून ते आजींना आता आठवत नव्हतं, पण राग आठवत होता. कौती सासरी निघाली तेव्हा वेणू तिला भेटायलाही गेली नाही. पुढं भेट झालीच नाही. वर्षा-दीड वर्षात निरोप आला.

"लय राग होता मले तिचा," आजी म्हणाल्या. "पन हातावरचं नाव कसं पुसाचं? आन् माहं नाव तिच्या हातावर तसंच गेलं मातीत."

बाबा रडले. मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते रडताना इतके आनंदी दिसत होते की मीही हसत हसत रडले. आजींनी त्यांच्या पाठीवर एक चापट मारली आणि विचारलं, इतक्या दिसानं काहून आला? मग लगेच नातसुनेला भाकरी टाकायला सांगितलं आणि आम्हाला तिथून संध्याकाळपर्यंत हलू दिलं नाही. निघताना गाडीच्या डिकीत वांगी, मिरच्या, कोथिंबीर आणि लसणाची वेणी होती.

परतीच्या वाटेवर बाबांनी एकही पिनकोड सांगितला नाही. शिर्डीच्या आसपास मला वाटलं झोपले असतील, तर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. नाव तेच होतं, वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून पाहत होते.

आता महिना झाला. हम्पी जागेवरच आहे, कधीतरी जाईन. बाबांनी नाव सोसायटीतल्या झाडून सगळ्यांना सांगितलं आहे, गरज नसताना बँकेतसुद्धा. गल्लीत मी बाबांना दोन बोटं तोंडात घालून शीळ मारण्याचा सराव करताना पकडलं. फुस्स असा आवाज येतो, पण त्यांनी सोडलेलं नाही.

दर रविवारी ते वेणूआजींना फोन करतात. बाबा फोनवर नेहमी आधी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि त्यापुढे निवृत्त पोस्टमास्तर असं सगळं सांगतात. पहिल्या रविवारीही तसंच सांगितलं. पलीकडे आजींना काही उमजेना. त्या दोनदा विचारत्या झाल्या, कोन, कोन बोलून राह्यलं? बाबा फोन तोंडाजवळ धरून मोठ्याने म्हणाले, "कौतीचा बोलून राह्यलो, आजी. कौतीचा."