पाण्याला आलेली बाई

जेवण झाल्यावर मी पलंगावर आडवा होतो ते झोपण्यासाठी नाही. कादंबरीची शेवटची प्रकरणं छातीवर आहेत, चष्मा डोळ्यांवर आहे, फोन उशीपाशी आहे. संध्याकाळपर्यंत वळसंगकरांना उत्तर द्यायचं आहे. ते माझे प्रकाशक. मुखपृष्ठ छापायला जायचं आहे आणि नावाखाली काय छापायचं हे त्यांना माझ्याकडून हवं आहे. 'विज्ञान कादंबरी' की 'भयकादंबरी'? सकाळी ते फोनवर म्हणाले, "मुकुंदराव, काहीतरी एक धरा. दुकानदार पुस्तक ठेवणार कुठं?"

मला धरता येत नाही. कादंबरीत एक गाव धरणाखाली गेलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं, आणि वारलेली एक बाई तिथं घागर घेऊन पाण्याला येते. काठावरून तिचा भाऊ तिला बघतो. पहिल्या खर्ड्यात मी धरणाच्या भिंतीत एक यंत्र घातलं. त्याच्या लहरींमुळे जुनी माणसं दिसतात, असं. दुसऱ्या खर्ड्यात यंत्र काढलं आणि बाईचे पाय उलटे केले. दोन्ही खर्डे वाचताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. काय, ते कळत नाही.

स्वयंपाकघरात नीला चटणी वाटते आहे. मिक्सर घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. मग तो थांबतच नाही. आवाज लांबत जातो, एसटी घाट चढताना करते तसा. मी खिडकीला डोकं टेकून बसलेलो आहे, आणि कंडक्टर म्हणतो, "मेढा. वाचनालयवाले उतरा."

मी उतरतो तो थेट वाचनालयातच. पमाताई स्टुलावर उभी आहे.

पमाताई माझी थोरली बहीण. बावीस वर्षं ती या वाचनालयात होती. माझी प्रत्येक गोष्ट आधी तिनं वाचलेली आहे. मागच्या पावसाळ्यात ती डेंग्यूनं गेली. हे मला आत्ताही नीट ठाऊक आहे, आणि हेही ठाऊक आहे की ते तोंडातून निघता कामा नये. निघालं तर स्टूल रिकामं होईल.

"आलास? बरं झालं," ती म्हणते. तिच्या हातात एक जाड पुस्तक आहे, अजून मुखपृष्ठ नसलेलं. "हे तुझं कुठं लावू रे? सकाळपासून हातात घेऊन फिरतेय."

"लाव कुठंही."

"कुठंही कसं लावू? उद्या कुणी मागितलं तर?"

ती विज्ञानाचं कपाट उघडते. आत पुस्तकं नाहीत. दातांच्या दवाखान्यात असते तशी बाकांची रांग आहे, आणि तिच्यावर माणसं नंबर लावून बसली आहेत. एकजण मान वर करून विचारतो, "बाई कशावर चालते? बॅटरीवर?" ताई कपाट लावून घेते. काचेतून तो माणूस अजून विचारतोच आहे.

शेजारचं कपाट भुताखेतांचं. ते नुसतं किलकिलं केलं तरी गार वारा येतो. ताई वाकून आत बघते. मला तिची फक्त पाठ दिसते, आणि अंबाडा.

"इथं जागा आहे," ती आतून म्हणते. "पण पुस्तकाबरोबर मलाही आत जावं लागेल असं दिसतंय."

"नको."

"रांगेत उभं करतात वाटतं. केस सोडायला सांगतात."

"ताई, नको जाऊस. बाहेर ये."

मी तिचा पदर धरतो. पदर ओला आहे. खाली बघायचं नाही एवढं मी मनाशी पक्कं धरून ठेवलं आहे. तिच्या पायांकडे बघायचं नाही. मी जे लिहून ठेवलं आहे ते तिथं असलं तर?

कपाटाच्या मागून ऊन येतं. मागं भिंतच नाही. आम्ही धरणाच्या आटलेल्या पात्रात उभे आहोत. चिखलाला भेगा पडल्या आहेत, देवळाचा चौथरा वर आला आहे, आणि पाण्याच्या आत कुठंतरी फोन वाजतो आहे. माझाच आहे. प्रत्येक वेळी वाजला की पाणी बोटभर वर चढतं.

"वळसंगकर," मी म्हणतो. "मला उत्तर द्यायचंय."

"मग दे की."

"उत्तर सापडत नाही. पाणी वर येतंय ताई, तू चौथऱ्यावर चढ."

ती चढते, पण हळू, कठड्याला धरून. बसते. आता तिच्या कमरेवर घागर आहे; ती बाजूला ठेवते. मी आभाळाकडे बघतो, देवळाकडे बघतो.

"माझ्या पायांकडे बघत नाहीस," ती म्हणते.

मी मान आणखीच वर करतो.

"चालायला फार त्रास झाला रे त्या पायांनी. चढण तर चढवेना. आणि त्याच्या आधी ते तुझं यंत्र. डोक्यात सारखी घूंऽ घूंऽ. रात्रंदिवस."

"ते पुस्तकात होतं. तू नव्हतीस ती."

"बरं, नव्हते." ती पदराचं टोक पिळते. पाणी ठिबकतं. "त्या बाईचं म्हणून सांगते मग. ती पाणी भरायला येते. समोर तिचा भाऊ उभा. पहिल्या वेळी तो काय करतो?"

"मोजमाप घेतो."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"पळतो."

"एकदाही बोलत नाही तिच्याशी."

फोन वाजतो. पाणी चौथऱ्याच्या पहिल्या पायरीवर येतं. दोन्ही खर्ड्यांत काय चुकलं ते मला आता कळतं. मी तिला दोनदा लिहिली, आणि दोन्ही वेळा लांबूनच लिहिली.

"काय बोलणार तो?" मी विचारतो. "एवढ्या दिवसांनी भेटल्यावर?"

"जेवलीस का, एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं."

शब्द तोंडात येतो आणि मागं जातो. शेवटी मी म्हणतो, "जेवलीस का, ताई?"

"नाही अजून. तू?"

"नीलानं वांगी केली होती."

"भरली?"

"भरली."

ती मान डोलावते. मी खाली बघतो. पाय सरळ आहेत. टाचांना भेगा, बोटांत जोडवी, नडगीपर्यंत वाळलेला चिखल. मी बघतच राहतो. ती अंगठा हलवते, बघ म्हणून.

"हे पुस्तक?" मी विचारतो.

"ते मी बघते. लावायचं काम माझं." ती पुस्तक काखेत धरते. मग कमरेची चंची सोडून काहीतरी माझ्या हातावर ठेवते. "तोंडाला कोरड पडलीय तुझ्या. एवढी लवंग धर. चावू नकोस लगेच."

मी लवंग तोंडात टाकतो. ताई घागर उचलते, आणि जिथं मघाशी भिंत नव्हती तिथल्या दारातून बाहेर पडते. मला हाक मारायची असते, पण जीभ जड झाली आहे, आणि फोन आता माझ्या कानाशी वाजतो आहे.

"अहो, उचला की," नीला दारातून म्हणते आहे. छातीवरची पानं जमिनीवर पसरली आहेत. ऊन भिंतीवर चढलं आहे. मी फोन उचलतो.

"काय ठरलं मुकुंदराव?" वळसंगकर विचारतात.

"नुसतं कादंबरी छापा. शेवट मी बदलतोय. चार दिवस द्या."

"यंत्र ठेवताय?"

"नाही. आणि पायही सरळ करतोय."

"मग ती बाई आहे तरी कोण? वाचक विचारणार."

"त्याची बहीण आहे," मी म्हणतो. "पाण्याला आलीय. ते दोघं बोलतात."

वळसंगकर म्हणतात, "विकायला अवघड जाईल." आणि मग, "पाठवा. वाचतो. पण तुम्ही असे बोबडे का बोलताय? तोंडात काही आहे का?"

तेव्हा मला तिखट लागतं. मी जिभेखाली बोट घालतो आणि तळहातावर काढून बघतो. लवंग आहे, अख्खी, फुलासकट. तिच्या देठाला थोडा चिखल लागलेला आहे.