मनगटावरचा लाल पट्टा

काल चहा देताना बाबांच्या डाव्या मनगटावर लालसर पट्टा उमटलेला दिसला. माझ्या धाकट्या भावाने परदेशातून पाठवलेलं स्मार्ट घड्याळ तिथे असायचं. आता ते उजव्या हातावर होतं आणि तिथेही बारीक पुरळ आलं होतं.

आज त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पट्ट्यात चिकटवायला गोंद वापरतात ना, त्याची ॲलर्जी दिसतेय. घड्याळ काढून ठेवा."

"इतके दिवस बोलला का नाहीत?" मी परतीच्या वाटेत विचारलं.

"या घड्याळामुळे त्याला तिकडे फोनवर माझ्या हृदयाचे ठोके दिसतात गं. बोलायला वेळ नसतो त्याला, पण तेवढं रोज बघतो."

माणूस खाज सोसतो, पण कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हा दिलासा त्याला सोडवत नाही. तोंड गप्प राहतं, कातडीला मात्र लपवता येत नाही.

घरी आल्यावर बाबांनी घड्याळ काढलं आणि मलम लावलं. संध्याकाळी भावाचा घाबराघुबरा फोन आला.

"बाबा, ठोके दिसत नाहीयेत! बरे आहात ना?"

"बरा आहे रे," बाबा खुर्ची ओढून निवांत बसले. "तू कसा आहेस, ते सांग."