व्याह्याच्या हातात आमची चूल

पोरांची माय गेली त्याला वरीस होत आलं. तिच्या माघारी अंगणातली लोखंडी चूल मी पोराला देऊन टाकली. दिली तवा बरं वाटलं व्हतं. पण ती दुसऱ्याच्या हाताखाली बघितली तवा दिली कशाला असं झालं. त्याचंच हे लिहितोय.

बैलगाडी मोडीत काढली तवा चाकाची लोखंडी धाव मी लोहाराकडून वाकवून घेतली, तीन पाय लावले, बाजूनं पत्रा मारला. आतनं मातीचा लेप पोरांच्या मायनं दिला. आता बाई माळकरी. मटणाचं नाव काढलं तरी नाकाला पदर लावायची. घरात शिजवायचं न्हाई, घरातलं भांडं घ्यायचं न्हाई, हात धुतल्याबिगर उंबरा चढायचा न्हाई. म्हणून तर चूल अंगणात. पण आखाडात बकरं कापायचं ठरलं का आदल्या दिवशी शेण-माती कालवून तीच चुलीला पोतारा द्यायची. कशाला देती म्हणलं तर म्हणायची, "चुलीनं काय पाप केलं?" मग मी शिजवायचो आन ती लांब बाजंवर बसून माझ्यावर ओरडायची. जाळ कमी करा, धोतर सांभाळा, किती खाताल. रस्सा तिनं कधी जिभेला लावला न्हाई, पण तिच्या ओरडण्याबिगर आमच्याकडं एक भगुनं उतरलं न्हाई.

ती गेल्यावर सून गावाकडं आली आन तिनं घरातच गॅसवर मटण केलं. अडवायला कुणी न्हवतं. मीबी मुकाट जेवलो. मग बाहेरची चूल कुणाच्या धाकानं ठिवायची? पोरगं म्हणलं, आबा, गेवराईला गच्चीवर ठिवतो. म्हणलं, ने. तिच्या जोडीची बारकी शेगडी व्हती, ती लेकीनं धारूरला नेली. लेकीनं तिच्यात माती भरून तुळस लावली. ते बघून मला हसू आलं, राग न्हाई आला. चुलीचं तसं झालं न्हाई.

आखाडात पोराचा फोन आला. "आबा, रविवारी या. चूल पेटवायचीय."

मी धुतलेलं धोतर नेसून गेलतो. रश्श्यात घालायचा येसूर मसाला घरनंच पुडीत बांधून नेलता. आपल्याबिगर कोण शिजवणार हाय तिथं?

गच्चीवर चढलो तर चुलीपुढं माझा व्याही, पोराचा सासरा. प्लास्टिकच्या स्टुलावर, बाह्या वर सारून. सून बापाला कांदा देतीय, माझं पोरगं सासऱ्याला सरपण देतंय. चूल नवी लिंपलेली. आतल्या मातीत माझ्या बायकोची बोटं उमटलेली व्हती. त्याच्यावर आता विहीणबाईची बोटं व्हती.

"या पाव्हणं," व्याही म्हणला. "चूल लई झकास हाय. जाळ कसा धरती बघा."

"मीच केलीय ती."

"म्हणून तर तुमाला सांगतोय."

पोरानं सावलीत खुर्ची टाकली, तांब्या दिला. "आबा, तुमी निवांत बसा." पाव्हण्याला म्हणत्यात तसं. येसराची पुडी खिशातच राहिली.

त्याला उठवावं तर रीत आडवी. आमच्याकडं ज्यानं चुलीत इस्तू घातला त्यानंच भगुनं उतरायचं. मधी हात बदलला तर रस्सा बिघडतो म्हणत्यात. बसलो बघत. माणूस वाईट शिजवत असता तर मला गोड झोप आली असती. पण मसाला कसा परतावा, पाणी कवा वतावं, समदं त्याला येत व्हतं. माझं पोरगं त्याच्या हाताकडं बघत व्हतं. माझ्या हाताकडं असं कधी बघितलं का, ते मला आठवंना.

तेवढ्यात विहीणबाई जिन्यातून वर आल्या आन नवऱ्याला म्हणल्या,

"कलेजी खाल्ली का तुमी?"

"न्हाई गं."

"मग मिशीला काय लागलंय?"

"राख उडाली."

"राखंला तेल सुटतंय व्हय? शुगर वाढली म्हंजी मला उठवू नका."

त्या खाली गेल्या. व्याही माझ्याकडं बघून हसला. "बघा पाव्हणं, असा छळ हाय. तुमी सुटला."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

शिजत आल्यावर त्यानं वाटीत रस्सा काढून माझ्यापुढं धरला. मीठ बघायचा मान थोरल्याचा, आन थोरला मी. थोरल्यानं सांगितलं का दुसऱ्यानं फिरून चाखायचं न्हाई. मी फुंकून प्यालो. मीठ बरोबर व्हतं. लई बरोबर व्हतं.

"अळणी हाय," मी म्हणलं.

"अळणी?"

"पार अळणी."

त्यानं मूठभर मीठ टाकलं, डाव फिरवला आन भगुनं उतरलं.

जेवाया बसलो. सून घासागणिक पाणी पीत व्हती. विहीणबाईनं एक घास खाल्ला आन सुरू झाल्या, "मिठाचं पोतं पालथं केलं का काय? आता बीपीबी आणा घरात. कुणाच्या नादात शिजवत व्हता?"

व्याह्यानं मान खाली घातली. माझं नाव घेतलं असतं तर माझा जीव गार झाला असता. तो म्हणला, "हात चुकला." बाई बोलत राहिल्या, बोलता बोलता त्याच्या ताटात दही वाढलं, त्याच्या रश्शातलं निम्मं काढून घेतलं. त्याला शिव्या बसाव्या म्हणून मीठ सांगितलं मी, आन शिव्या त्याला बसल्या. त्याच मला ऐकवंनात. माझ्या ताटातलं मी समदं खाल्लं. खारट हाय का म्हणून मला कुणी इचारलं न्हाई.

पोरगं गाडीवर स्टँडला सोडायला आलं. आमच्या तलवाड्याची एसटी लागायची व्हती.

"आबा, मीठ बरोबर व्हतं. तुमच्या आधी मी चाखलं व्हतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी थोरले." मग म्हणलं, "चूल परत पायजे का?"

हो असं तोंडात आलतं. पण नेऊन कुणापुढं पेटवायची?

"राहू दे. पण त्या माणसाला तिथं बसू देऊ नको."

"मग कोण बसंल? तुमी?"

"तू बस बे. चूल तुला दिली, त्याला न्हाई दिली."

"मला येतंय कुठं शिजवाया?"

"येतंय मग. बायको ओरडाया लागली का येतंय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. व्याहीच व्हता, आवाज मलाबी ऐकू येत व्हता. आबा गाडीत बसले का, असं इचारत व्हता. म्हणला, "मला हिनं पाणी पाजून पाजून नको केलंय." मागनं बाईचा आवाज आला, अजून एक तांब्या प्या म्हणून. पोरगं हसाया लागलं. एसटी लागली तसा मी चढलो आन पोराला माझं तोंड दिसू नये म्हणून पलीकडच्या खिडकीला जाऊन बसलो.